एकांतातील जमाखर्च

(आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर. संमेलनास येऊ न शकलेल्या सभासद-कुटुंबांसाठी येथे देत आहोत.)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून एकांताविषयी बोलावयाचे, म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. आमच्या भाषणाचा विषय विचारण्यास कार्यवाह घरी आले होते. "एकांत" असे आम्ही सांगताच ते क्षणभर थांबले, आणि मग संकोचाने म्हणाले, "काका, माणसं वर्षातून एकदा भेटतात हो." त्यांचे म्हणणे खोटे नाही. परस्परांस भेटावे, मुलाबाळांच्या ओळखी व्हाव्यात, सुखदुःखाच्या चार गोष्टी व्हाव्यात, यासाठीच आपण येथे जमलो आहोत. तथापि, ज्या समूहात आपण आयुष्य घालविले त्या समूहापासून काही काळ दूर गेल्यावर आम्हांस आमच्याविषयी जे कळले, ते याच समूहापुढे सांगितल्यावाचून पुरे होत नाही. म्हणून हा विषय आम्ही हट्टाने घेतला आहे. आपण तो सहन करावा.

ज्यांनी घर बांधताना कामावर उभे राहून पाहिले असेल, त्यांस एक गोष्ट ठाऊक असेल. गवंडी भिंत रचीत असता मधूनमधून परांचीवरून खाली उतरतो, दहापंधरा पावले मागे जातो, आणि डोळे बारीक करून भिंतीकडे पाहतो. ओळंबा त्याच्या हाती असतो, हातही कसलेला असतो. तरीही तो उतरतो. कारण जवळून प्रत्येक वीट सरळच दिसते. भिंत कलली असेल तर ते कलणे दुरूनच लक्षात येते. काम थांबवून मागे जाण्यात त्याचा थोडा वेळ जातो खरा. पण तेवढा वेळ वाचविणारा गवंडी पुढे सबंध भिंत उतरविताना पाहिलेला आहे.

माणसाचेही असेच आहे. घरात आपण कोणाचे वडील, कोणाचे आजोबा. कचेरीत कोणाचे वरिष्ठ, कोणाचे हाताखालचे. मंडळात अध्यक्ष, खजिनदार किंवा चिटणीस. जो तो आपणांकडे आपापल्या कामापुरते पाहतो, आणि आपणही हळूहळू स्वतःकडे त्यांच्याच नजरेने पाहू लागतो. लोक चांगले म्हणाले की आपण चांगले, लोक रुष्ट झाले की ते कृतघ्न. लोकांनी धरलेल्या या आरशात पुढची बाजू तेवढी दिसते. भिंतीला टेकून पाठीस लागलेला चुना त्यात दिसत नाही, आणि तो दाखविण्याचे धैर्य फारच थोड्यांस असते. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते पण आपल्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण सारेच वापरतो. बहुधा दुसऱ्याविषयी बोलताना!

या दृष्टीने श्रीतुकाराममहाराजांच्या चरित्रातील एक प्रसंग आम्हांस फार विचार करण्यासारखा वाटतो. इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. देहूच्या या व्यापारी कुटुंबाची त्यात धूळधाण झाली. प्रथम पत्नी गेली, मुलगा गेला, दुकान बसले, बाजारातील पत गेली. अशा स्थितीत महाराज भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा त्यांचा शोध घेत तेथे पोचले. पुढे, चरित्रकारांनी सांगितलेली परंपरागत हकीकत अशी की, इंद्रायणीच्या काठी त्यांनी घरातील कर्जखते आणविली, त्यांचे दोन वाटे केले, निम्मे कागद कान्होबांच्या स्वाधीन केले, आणि आपल्या वाट्याचे निम्मे नदीत बुडविले.

हा प्रसंग आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत आणि वैराग्याचे उदाहरण म्हणून त्यास नमस्कार करून पुढे जात आलो आहोत. आपण जरा त्यापाशी थांबू. दुष्काळ डोंगरावर जाण्यापूर्वीही होता आणि कागदही पूर्वीपासून घरातच होते. गावात राहून त्या कागदांकडे पाहिले तर ते आपले येणे होते. डोंगरावरून पाहिल्यावर मात्र तेच कागद शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मानेवरील जोखड आहेत, असे त्यांस दिसले असावे. कागदावरील अक्षर बदलले नव्हते, पाहणाऱ्याची जागा तेवढी बदलली होती.

दुसरी गोष्ट याहूनही सूक्ष्म आहे. महाराजांनी सर्वच कागद बुडविले नाहीत. भावाचा वाटा भावास दिला; त्याच्या संसाराच्या जिवावर स्वतः उदार होण्याचा मोह त्यांनी टाळला. आणि तिसरी गोष्ट ही की, ते डोंगरावर राहिले नाहीत. एकांताची ओढ त्यांस पुढेही राहिली, पण ते देहूस परतले, संसारात राहिले, लोकांतच कीर्तन करीत राहिले. एकांतात जे दिसले त्याची परीक्षा गावात आल्यावर, नदीच्या काठी, कागद हातात असताना झाली.

सक्तीच्या एकांताचेही एक उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे. १९०८ साली लोकमान्य टिळकांस राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली व त्यांस ब्रह्मदेशातील मंडाले येथील तुरुंगात ठेवण्यात आले. ज्यांचे सारे आयुष्य सभा, वर्तमानपत्र व चळवळ यांत गेले, त्यांस एकाएकी माणसांपासून तोडण्यात आले. त्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्या'चा मसुदा शिसपेन्सिलीने लिहिला. १९१२ साली त्यांच्या पत्नीचे इकडे पुण्यात निधन झाले, तेव्हाही ते मंडाल्यासच होते. १९१४ साली ते सुटून आले, आणि १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. सहा वर्षे जगापासून दूर राहिलेल्या या पुरुषाच्या ग्रंथाचे तात्पर्य काय, तर ज्ञान झाल्यावरही कर्म सोडू नये. लोकसंग्रहासाठी ते करीतच राहावे. एकांत माणसास जगाकडे पाठ फिरविण्यास शिकवितो, असे ज्यांस वाटते त्यांनी या ग्रंथाच्या जन्मस्थानाचा विचार करावा.

आपणांस मंडालेही नको आणि डोंगरही सर्वांस साधणारा नाही. अमेरिकेतील थोरो हा लेखक १८४५ च्या जुलैत वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत जाऊन राहिला व १८४७ च्या सप्टेंबरात परतला. त्याच्या एकांताचे वर्णन वाचून अनेकांची अशी समजूत होते की, तो घोर अरण्यात गेला होता. वस्तुतः ते तळे त्याच्या काँकर्ड गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर होते, जमीन त्याच्या मित्राची होती, आणि तो गावात जात-येत असे. दूर जाणे हे कोसांवर अवलंबून नसते, एवढाच याचा अर्थ. रोजची माणसे आपणांस ज्या नावाने हाक मारतात ती हाक काही काळ कानी पडू नये, इतके अंतर पुरे होते.

आता थोरांच्या गोष्टी पुरे करून आम्ही आमच्याविषयी बोलतो. जे सांगावयाचे ते येथेच आहे.

आपणांपैकी जुन्या मंडळींस ठाऊक आहे की, १९८४ पासून २००९ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, आम्ही या मंडळाचे चिटणीस होतो. निवृत्त झालो तेव्हा आपण आम्हांस शाल, श्रीफळ व मानपत्र दिलेत. त्या मानपत्रात 'निःपक्षपाती' असा शब्द होता. तो आम्हांस फार आवडला होता. मानपत्र चौकटीत बसवून आम्ही ते दिवाणखान्यात लाविले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे लक्ष जाईल अशा ठिकाणी लाविले, हेही कबूल केले पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सहधर्मचारिणीचे निधन झाले. मुलगा बंगळूरास, मुलगी नाशिकास. दोघेही आग्रहाने बोलावीत होती. परंतु आम्ही गेल्या आषाढात राजापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घरी चाळीस दिवस एकटे राहण्याचे ठरविले. निमित्त असे की, मंडळाचा इतिहास लिहिण्याचे काम कार्यकारिणीने आमच्याकडे सोपविले होते. जुन्या पत्रव्यवहाराच्या फायली एका ट्रंकेत भरून आम्ही बरोबर नेल्या. पडवीत एक घडवंची, एक खुर्ची आणि बाहेर अखंड पाऊस. वीज दिवसातून दोनदा जाई. मोबाईलची रेंज घरात नव्हती. वरच्या आंब्याच्या चढावर गेले तर कधी मिळे. शेजारच्या आक्का सकाळी पेज व संध्याकाळी भाकरी-पिठी आणून देत. त्या आम्हांहून चारपाच वर्षांनी वडील.

पहिले आठदहा दिवस एकांत असा लाभलाच नाही. घरात कोणी नव्हते, पण आमच्या डोक्यात सगळे होते. जुन्या सभा, जुनी भांडणे, कोण कोणत्या वेळी काय बोलला, त्यास आम्ही काय उत्तर द्यावयास हवे होते. असे मनातल्या मनात आम्ही भांडत होतो, आणि प्रत्येक भांडणात जिंकत होतो! कोणी प्रतिपक्षी समोर नसला म्हणजे जिंकणे फार सोपे असते. एकांतात गेलेल्या माणसाने या पहिल्या दिवसांस फसू नये. माणूस शरीराने दूर गेला, तरी मनाने बरेच दिवस व्यासपीठावरच बसलेला असतो. पुढे केव्हातरी हा कोलाहल आपोआप ओसरला. पागोळ्यांचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि आम्ही ट्रंक उघडली.

१९९४ च्या जून महिन्याच्या फायलीत एक अर्ज निघाला. अर्ज करणाऱ्या भगिनी आपल्याच ज्ञातीतील. त्यांचे वडील मंडळाचे जुने सभासद होते. त्यांनी ज्ञातीबाहेर विवाह केला होता. पती अकाली वारले होते. मुलगी दहावीस चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती, तिच्या पुढील शिक्षणासाठी मंडळाच्या विद्यार्थी-निधीतून साहाय्य मिळावे, अशी विनंती होती. अर्जास मुलीचे छायाचित्र टाचणीने लाविलेले होते. टाचणी गंजून त्याचा डाग छायाचित्राच्या कोपऱ्यावर उतरला होता.

त्यामागे आमच्या उत्तराची स्थळप्रत होती, आमच्याच अक्षरात. तीन ओळी. "नियम सातप्रमाणे अर्जदाराचे वडील ज्ञातीचे असणे आवश्यक आहे. सबब आपला अर्ज विचारात घेता येत नाही. कळावे, लोभ असावा."

प्रथम वाचले तेव्हा आम्हांस काहीच वाटले नाही. उत्तर नियमास धरून होते. तशी उत्तरे आम्ही अनेक लिहिली असतील. आम्ही पान उलटले. त्याच फायलीत, दोन कागदांखाली, आणखी एक अर्ज होता. त्या वेळच्या कार्यकारिणीच्या एका सभासदाच्या पुतण्याचा. निधीसाठी साठ टक्के गुणांची अट होती, त्यास चोपन्न होते. त्या अर्जाच्या समासात आमच्याच अक्षरात लिहिलेले होते: "विशेष बाब म्हणून मंजूर."

दोन्ही कागदांवरील तारखांत नऊ दिवसांचे अंतर होते.

बंधुभगिनींनो, या दोन कागदांपैकी कोणताही एक आम्हांस मंडळाच्या कचेरीत दाखविला असता, तर आम्ही त्याचे समर्थन तत्काळ केले असते. पहिल्यास 'नियम' म्हटले असते, दुसऱ्यास 'माणुसकी' म्हटले असते, आणि दोन्ही वेळा ऐकणाऱ्यांनी मान डोलविली असती. पडवीत मात्र मान डोलविण्यास कोणी नव्हते. दोन्ही कागद आम्ही घडवंचीवर शेजारी शेजारी ठेविले आणि बराच वेळ पाहत बसलो. नियम आमच्या हाती रबरासारखा होता. ज्याच्याकडे ओढण्यास माणूस होता त्याच्यासाठी तो ताणला गेला; जिच्याकडे कोणी नव्हते तिच्यासाठी तो आखडला. आमच्या पत्रात अपशब्द नव्हता, द्वेष नव्हता, उलट लोभ असावा असे लिहिले होते. त्या 'लोभ असावा'ने आम्हांस जे बोचले, ते शिवीने बोचले नसते. दिवाणखान्यातील मानपत्रातला 'निःपक्षपाती' हा शब्द त्या रात्री आम्हांस आठवत राहिला.

त्यानंतरचे तीनचार दिवस आम्ही फारसे लिहिले नाही. आमच्या स्वभावाप्रमाणे आम्ही त्या दुःखाचेही चिंतन करू लागलो होतो, आणि खरे सांगावयाचे तर त्यातही एक प्रकारचे सुख वाटू लागले होते. आपला पश्चात्ताप किती खोल आहे, हे पाहण्यातही अहंकाराची सोय होते. एके सकाळी पेजेचे भांडे ठेवताना आक्कांनी विचारले,

"भाऊ, इतके दिवस कागद चाळताय. काय शोधत होतात ते सापडलं का?"

आम्ही म्हणालो, "सापडलं, आक्का."

"मग आता इथं कशाला बसलाय?"

त्या सहज बोलल्या आणि भांडी घेऊन पाऊस चुकवीत निघून गेल्या. आमच्या चाळीस दिवसांतील बारा दिवस अजून उरले होते. ते तसेच टाकून आम्ही तिसऱ्या दिवशी मुंबईची गाडी धरली.

अर्जावरील पत्ता जुना होता. शोध घेण्यास दोन महिने लागले. त्या भगिनी आता कल्याणास मुलीकडे राहतात. मुलगी परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून एका रुग्णालयात नोकरीस आहे, तिचा संसार सुखाचा आहे. मंडळाच्या साहाय्यावाचून हे सारे झाले. फी भरण्याच्या वेळी शेजारच्या एका बाईंनी आपली सोन्याची बांगडी मोडली होती. त्या बाई आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या, अर्जदारांच्या पतीच्याही ज्ञातीच्या नव्हत्या. त्यांच्यापाशी नियम सात नव्हता.

आम्ही आमचे पत्र पुढे ठेवून क्षमा मागितली. त्यांनी ते चष्मा लावून वाचले आणि म्हणाल्या, "हे मला आठवतंय. तुमचं निदान उत्तर तरी आलं होतं. बाकी ठिकाणांहून तेही आलं नाही." त्यांच्या बोलण्यात उपहास नव्हता, म्हणूनच ते ऐकणे अवघड गेले. क्षमा केली असे त्या म्हणाल्या नाहीत, केली नाही असेही म्हणाल्या नाहीत. त्यांनी चहा दिला. निघताना आम्ही अर्जावरील छायाचित्र त्यांच्या हाती दिले. ते त्यांनी बराच वेळ पाहिले. गंजाचा डाग पदराने पुसून पाहिला. तो निघाला नाही. म्हणाल्या, "हिचा त्या वयातला दुसरा फोटो नाही आमच्याकडे. प्रत काढायला पैसे नव्हते, होता तो अर्जाला लावला."

आम्ही जिना उतरून खाली आलो. स्टेशनापर्यंतचा रस्ता कसा गेला, ते आठवत नाही.

आता या सर्वांतून आपणांस उपयोगी पडेल असे जे काही असेल, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट ही की, दूर जाताना काहीतरी कागद बरोबर न्यावा. केवळ डोळे मिटून बसल्याने मन आपलीच बाजू मांडते. स्मरणशक्ती ही आपल्या पदरी असलेली वकील आहे. जुना हिशेब, जुनी पत्रे, रोजनिशी, मुलांच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आपण मारलेले शेरे, असे आपल्याच हातचे काहीतरी समोर असावे. हल्ली पत्रे कोणी लिहीत नाही. पण मोबाईलवर आपण घरच्या माणसांस काय काय लिहिले, ते महिन्याभराने शांतपणे वाचून पाहावे. तेवढे धैर्य झाले तरी पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट, परतण्याचा दिवस ठरवून जावे, आणि परतल्यावर करावयाचे एक तरी काम घेऊन यावे. ज्या एकांतातून एकही काम निघत नाही तो एकांत म्हणजे निव्वळ हवापालट होय. हवापालटही चांगला असतो. त्यास आत्मपरीक्षण म्हणू नये, इतकेच.

तिसरी गोष्ट सांगताना आम्हांस लाज वाटते. आम्हांस चाळीस दिवसांचा एकांत ठरविता आला, तो आक्कांच्या चुलीच्या आधारावर. आमच्या पत्नीस पन्नास वर्षांच्या संसारात असा एकांत एकदाही मिळाला नाही. पूर्वीच्या स्त्रियांस माहेरपण तरी होते. सासरच्या हाकेपासून चार दिवस दूर राहून आपल्या संसाराकडे पाहण्याची तेवढीच एक जागा होती. आईवडील गेल्यावर आमच्या पत्नीचे तेही संपले. ती मागे उभी राहून स्वतःकडे, आणि अर्थात आमच्याकडे, पाहू शकली असती, तर तिला काय दिसले असते, हे विचारण्याची वेळ आता निघून गेली आहे. येथे बसलेल्या पुरुषांस आमची विनंती आहे की, एकांताविषयीचे हे भाषण आपणांस पटले असेल, तर प्रथम घरातील स्त्रीस आठवड्यातून एक दुपार मोकळी करून द्यावी, आणि त्या दुपारी तिने काय केले ते विचारू नये.

शेवटची गोष्ट मंडळाविषयी. जे व्यक्तीचे तेच समूहाचे. आपण वर्षानुवर्षे आपल्याच सभागृहात, आपल्याच माणसांकडून, आपलाच गौरव ऐकत आलो आहोत. या स्मरणिकेच्या जुन्या अंकांचे आम्ही त्या पावसात वाचन केले. त्यांत देणगीदारांची छायाचित्रे आहेत, गुणवंत विद्यार्थ्यांची आहेत. आपण ज्यांस परत पाठविले त्यांची यादी कोठेही नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे व तो २०१७ पासून अमलात आला आहे. आपण कोणावर बहिष्कार घातला, असे कोणी म्हणणार नाही. आमच्या त्या तीन ओळींच्या पत्रावर कोणी कधी दावा लाविला नाही. कायद्यास न सापडणारे असे जे असते, ते ज्याचे त्यासच शोधावे लागते.

ज्ञातिसंस्था निघाल्या त्या काळी त्यांची गरज होती. राजर्षी शाहूमहाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून ज्ञातिज्ञातींच्या वसतिगृहांस आश्रय दिला, कारण खेड्यातील मुलांस शहरात राहून शिकण्यास दुसरा आधार नव्हता. त्याच शाहूमहाराजांनी पुढे आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहास कायद्याचे पाठबळही दिले. या दोन गोष्टींत त्यांस विसंगती वाटली नाही, याचे मर्म आपण ओळखले पाहिजे. मघाशी गवंड्याचे उदाहरण दिले. आपले मंडळ ही परांची आहे. तिच्यावर उभे राहून आपल्या आजोबा-पणजोबांनी भिंत रचली, मुले शिकविली. आपण परांचीवरच राहू लागलो, खाली उतरून भिंत पाहण्याचे विसरलो, तर दोष परांचीचा नाही.

नियम सातमध्ये 'वडील' या शब्दाऐवजी 'वडील अथवा आई' असे शब्द घालावेत, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. ती वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येईल. काहींनी आम्हांस सांगितले की, यामुळे निधीवर भार पडेल. काहींनी सांगितले की, यामुळे ज्ञातीबाहेरील विवाहांस उत्तेजन मिळेल. या शंका प्रामाणिक आहेत, त्यांची चर्चा सभेत व्हावी. आमच्या हाती एक मत आहे, आपल्या प्रत्येकाच्या हाती एक आहे. मंडळाचा निधी हा कान्होबांचा वाटा आहे; तो आपल्या संमतीवाचून खर्चण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमच्या निवृत्तिवेतनातून जे करण्यासारखे आहे ते आम्ही सुरू केले आहे. त्याचा तपशील येथे सांगण्याचे कारण नाही.

सभेस येण्यापूर्वी एवढेच करावे. एक संध्याकाळ घरातून बाहेर पडावे. समुद्राकाठी, नदीच्या घाटावर, देवळाच्या मागच्या पायरीवर, जेथे आपणांस कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी बसावे. आपल्या माहेरवाशिणींपैकी कोणाचे नाव आपण घेण्याचे टाळतो, याचा विचार करावा. नंतर परत यावे आणि जे योग्य वाटेल त्या बाजूस हात वर करावा.

राजापूरच्या घरून निघताना आक्कांनी विचारले होते, "परत कधी येणार, भाऊ?" आम्ही म्हणालो, "काम झालं की येईन." ते काम निम्मे झाले आहे. उरलेले निम्मे आपल्या हाती आहे. ते झाल्यावर पुढील श्रावणात आक्कांस जाऊन सांगावे, असा आमचा मानस आहे.

दिवाणखान्यातील ते मानपत्र आम्ही उतरवून ठेविले आहे. आपण ते प्रेमाने दिले होते, म्हणून जपून ठेविले आहे. भिंतीवर चौकटीची फिकट खूण मात्र तशीच आहे. ती रंगवून घेण्याचा आमचा विचार नाही.